जाड पाकळी

दि. ११ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे डॉक्टर बरे म्हणतो, माझा गुडघा तसं म्हणत नाही. तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? ती जेवणाआधीची की नंतरची, हे भाचीला पाकिटावर पुन्हा एकदा बघायला सांग. मला उगाच घोर लागतो.

इकडची बातमी म्हणजे सुनेनं कामाच्या खोलीत खिडकीपाशी नव्या फळ्या ठोकून घेतल्या. मातीची फुलं आता दोन रांगांत वाळतात. फळ्या सरळ आहेत असं सुतार म्हणतो, मला त्या डावीकडे कललेल्या दिसतात. मी रोज वर गोटी ठेवून बघतो. गोटी हलत नाही, तरी वाटतंच. भिंतीवर लावायच्या मोठ्या फुलांना मागणी आहे, आणि भेट द्यायची लहान, डबीतली, तीही जातात. माझं काम तेच. माती मळायची, फुलांच्या पाठीला खिळ्यासाठी भोक पाडायचं, कागदाच्या कातरणात गुंडाळून खोक्यात भरायचं. तुझ्या स्टुलावर कुणी बसत नाही. सुनेनं परवा त्यावर ब्रश वाळत ठेवले होते, ते मी उचलून दुसरीकडे ठेवले. तिनं ते पाहिलं.

रविवारी भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, आई सुईत दोरासुद्धा ओवत नाही. पोरीच्या फ्रॉकचं बटण लावायला दिलं, तर म्हणते माझे हात गेले, दुसऱ्या कुणाला दे. दिवसभर हात पदरात गुंडाळून बसते. तिकडे काही झालं का?"

मी म्हणालो, थंडी असेल. फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही.

अक्का, तुझे हात गेलेले नाहीत. हे मी पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं, पण सुरुवात जमेना. चार कागद फाडले.

वाचनालयाच्या भिंतीचं ते काम. एक्केचाळीस फुलं, दीड महिना तू एकटीनं पाकळ्या केल्यास. पहिल्या भाजणीला सगळी भट्टीत गेली आणि दुपारी आत फट् असा आवाज झाला. भट्टी निवल्याशिवाय उघडता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे थांबलो. तू मला म्हणालीस, "भट्टीतली एखादी फळी तडकली असेल रे. येरझाऱ्या घालू नकोस, फरशी झिजेल." मी येरझाऱ्या घालत होतो, कारण मला माहीत होतं.

उघडली तेव्हा एकोणीस फुलांच्या पाकळ्या उडालेल्या आणि त्यांच्यात करंगळीएवढे जाड तुकडे. सून चिडली. तिचंही बरोबर, तारीख दिलेली होती. "आत्या, हे बघा! एवढी जाड पाकळी करतात का? आतून ओली राहिली आणि फुटली. डोळे तपासून घ्या एकदा." दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती. तू तो तुकडा घेतलास, अंगठ्याखाली फिरवलास. बराच वेळ फिरवलास. मग म्हणालीस, "माझंच असेल."

ते तुझं नव्हतं. माझं होतं.

इथल्या नऊ वर्षांत तू किती घरांच्या भिंती सजवल्यास. तुझ्या खोलीत मात्र एक कॅलेंडर. तुला सत्तर पुरी होणार होती. वाटलं, एक फूल आपण करून द्यावं. तुझ्यासारखी तळहातावर माती घेऊन अंगठ्यानं दाबत गेलो. पातळ केली की फाटायची, म्हणून जाडच ठेवली. माझ्या हाताला बोटं नाहीत, वांगी आहेत, असं तू म्हणायचीस, ते खरं निघालं. पाच पाकळ्यांचं फूल झालं, दिसायला कोबीसारखं. पण मला ते आवडलं होतं.

आठ दिवस वाळल्याशिवाय भट्टीत ठेवू नये, हे सगळ्यांना बजावणारा मीच. पण पुढची भाजणी तुझा वाढदिवस उलटल्यावर होती. माझं फूल चार दिवसांचं होतं. सून फोन घ्यायला बाहेर गेली, तेवढ्यात मी ते मागच्या कोपऱ्यात, तुझ्या फुलांच्या आड सरकवलं.

उघडल्याबरोबर बोललो असतो तर दोन शब्द ऐकून सुटलो असतो. मला सुनेची भीती वाटली नाही. तू हसशील याची वाटली. एवढ्या लोकांत तू म्हणाली असतीस, "अरे, तू आणि फूल?" एवढ्यासाठी गप्प राहिलो. आता लिहिताना किती क्षुल्लक वाटतं.

आणि नुसता गप्पही राहिलो नाही. पुढे मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मला वाटत होतं, तेवढं लिहायचं राहून गेलं तर बरं. "वय झालं गं तिचं, तिला बोलू नकोस." सगळ्यांना वाटलं, भाऊ बहिणीची बाजू घेतोय. तुलाही तसंच वाटलं. तू हात पदराला पुसलेस आणि चार दिवसांनी भाचीकडे गेलीस.

आज सकाळी सुनेला सांगितलं. ती फुलांना रंग लावत होती.

"कितव्या दिवशी ठेवलंत?"

"चौथ्या."

"भरीव?"

"भरीव."

तिनं ब्रश खाली ठेवला. "सात आठवडे, बाबा! रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतात. आणि मी त्यांना डोळे तपासा म्हणाले." मग म्हणाली, "मी त्यांची माफी मागेन. पण आधी तुम्ही लिहा. माझ्या फोनवर तुम्ही सुटायला नको." फूल कुणासाठी होतं तेही तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. ते आधी तुला कळायला हवं होतं.

तुझी उरलेली बावीस फुलं कच्ची आणि रंगाची अशा दोन्ही भाजण्यांतून निघाली आणि वाचनालयाच्या भिंतीवर लागली आहेत. मी जाऊन जवळून पाहिली. एकालाही चीर नाही. काठ नखासारखे पातळ. बाकीची एकोणीस सुनेनं घाईनं केली, ती शेजारी लागली की ओळखू येतात. हे तिचंच म्हणणं आहे, माझं नव्हे.

परत ये असं लिहायला मला तोंड नाही. तुला यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी मी समजेन. पण हात गेले असं पुन्हा म्हणू नकोस.

हे पत्र एकटीनंच वाच, असं वर लिहिणार होतो. आता तसं नको. मी तुला म्हातारी ठरवली ती चारचौघांत. तेव्हा जावईबापू, नात, शेजारीण, जी कुणी असतील त्यांना बसव आणि भाचीला हे मोठ्यानं वाचू दे. मधलं काही गाळू देऊ नकोस. माझी सहीसुद्धा.

ज्याचं फूल फुटलं तो,
तुझा धाकटा भाऊ