चष्म्याचा दावा

३ मार्च
आज तुरुंगाचा स्टोअरकीपर माझ्या वाचायच्या चष्म्यावर बसला. सॉरी नाही, काही नाही. वर म्हणतो, चष्मा नाकावर ठेवायचा असतो, खुर्चीवर नाही. शिसारी आली. ठरलं, दिवाणी दावा ठोकायचा! मी आत आलो तो दुसऱ्याची सही केल्यामुळे. स्वतःच्या सहीने माझं एकही काम फसलेलं नाही.

४ मार्च, सकाळी
जवळचं काही दिसत नाही. अंदाजाने लिहितोय. हरकत नाही, ही वही कुणी वाचायची नाहीच.

७ मार्च
बायको भेटायला आली. नवा चष्मा करून आणते म्हणाली. खबरदार म्हटलं! चष्मा आला की नुकसान उरलं कुठे? दावाच लंगडा पडेल. ती म्हणाली, तुमचा दावा घाला चुलीत. तरातरा निघून गेली. आमच्या घरात कायद्याची समज मला एकट्यालाच.

१२ मार्च
चष्मा सहाशेचा. कोर्ट फी आठशे. थूः! न्यायालाही तिकीट. गरीब कैद्याला फी माफ होते, पण फॉर्मला खात्याचा दाखला जोडावा लागतो. माझ्या खात्यावर नऊशे, लाँड्रीत चादरी धुतल्याचे. त्या चादरींना काय काय लागलेलं असतं ते इथे लिहीत नाही. नऊशे म्हणजे गरिबीच.

१३ मार्च
शेजारच्या बिछान्यावरचा मास्तर म्हणाला, फॉर्म वाचून दाखवू का? नको म्हटलं. त्याचं सदा नाकात बोट. फॉर्मवर दोन चौकोन, एक वर, एक खाली. माफीचा वरच असणार, त्यात काय वाचायचं? खूण केली, झोकात सही केली.

१९ मार्च
मुलीचं पत्र! नुसत्या मुंग्या दिसतात. तिचं पत्र मास्तरच्या तोंडून ऐकायचं? शी. जिंकल्यावर नव्या चष्म्याने स्वतः वाचेन. उशीखाली ठेवलंय. अधूनमधून हात लावून बघतो.

२५ मार्च
शिपायाने छापील चिठ्ठी हातात कोंबली. कोर्टाची तारीख असणार. तीही उशीखाली. स्टोअरकीपर शिट्टी वाजवत गेला. टरकलाय.

९ एप्रिल
सकाळभर तुरुंगाच्या ऑफिसातल्या क्लार्कशी भांडलो. कोर्टाने दावा फेटाळला. म्हणे आधी तुरुंगातल्या तक्रारपेटीत तक्रार टाकायला हवी होती. पेटीची किल्ली कुणाकडे? स्टोअरकीपरकडे! किळसवाणा कारभार. असो, फी तर माफ झाली, म्हटलं. क्लार्क म्हणाला, कुठली माफ? वरचा चौकोन फी हप्त्याने भरण्याचा होता, माफीचा खालचा. दावा गेला तरी खात्यातून आठशे कापणारच.

१० एप्रिल
मास्तरला साबणाने हात धुवायला लावले आणि पत्र वाचून घेतलं. मुलगी लिहिते, आई रागावलीये, पण तुमचा चष्मा तिनेच करून घेतला. आम्ही तो गेटवर ठेवून आलोय. डबीत माझा फोटो आहे. चष्मा घालून पत्र स्वतः वाचा आणि लगेच उत्तर लिहा.

मग छापील चिठ्ठी. तुमचं पार्सल आलं आहे, पंधरा दिवसांत सही करून न्यावं, नाहीतर परत जाईल. पंधरावा दिवस काल होता.

मास्तरने विचारलं, उत्तरात काय लिहू? म्हटलं, लिही, चष्मा अगदी छान बसला.

मास्तर म्हणाला, अहो, पार्सल उद्या घरी पोचेल.