साडेपाच तास

॥ श्री ॥
केज, ४ जानेवारी २०२६

चि. कावेरीस मन्मथकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून पत्र. दुकानातला जो संगणक भंगारात जाणार होता, त्यात तू पुण्यात बसून, फोनवर सांगत सांगत लिनक्स घातलंस आणि माझ्या हौशी रेडिओची नोंदवही त्यावर चढवलीस. दोन दिवस ती उघडेना. तर म्हणे, तिला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नव्हती! ती दिलीस आणि पडद्यावर माझं रेडिओचं नाव उमटलं. पोरी, मी हातच जोडले. देशोदेशीच्या अनोळखी माणसांशी चाळीस वर्षं बोललो, ते सगळं आता घरबसल्या त्यांच्या वह्यांशी ताडून बघता येणार. मी वाचत गेलो आणि सूनबाई सत्यशीलानं सहा हजार चारशे बारा नोंदी टाइप केल्या.

एक घोर आहे. महांतेशला छपरावर सोलर बसवायचंय, त्याला माझी अँटेना आड येते. परवा म्हणाला, "अप्पा, जगाशी लई बोललात. घराशी कवा बोलणार?" खोटं नाही बोलला. मी शब्द दिलाय, समोरच्यांपैकी कोणी मला लिहून ठेवलं नसेल, तर महिनाअखेर मीच ती उतरवीन. तेव्हा लवकर बघ.

तुझा काका

पुणे, ९ जानेवारी २०२६

ती. काकांस कावेरीचा शरणार्थ.

हे लिहायला हात धजत नाही. नोंदी ताडायला पाठवल्या, पण जुळली एकही नाही. दोघांच्या वहीत तीच तारीख आणि तीच वेळ असेल, तरच भेट खरी धरतात. जग ज्या वेळेवर नोंदी ठेवतं ती आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून तुमच्या प्रत्येक वेळेतून मी तेवढे तास वजा केले. दोनदा तपासलं, हिशेब बरोबर आहे. महांतेशदादाला इतक्यात सांगू नका ना. मला फार वाईट वाटतंय. सत्यशीलावहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची कावेरी

केज, १४ जानेवारी २०२६

चि. कावेरीस आशीर्वाद, आणि तिळगुळाबरोबर पाठीत एक धपाटा.

साडेपाच तास वजा करायला तुला सांगितलं कोणी? गल्ल्यामागचं घड्याळ आठवतं का? साऱ्या केजला वाटतं, मन्मथशेठचं घड्याळ बिघडलंय. गिऱ्हाइकं हसतात. तुझी शिवम्माकाकू दर दिवाळीला ते नीट करायला जायची आणि माझी बोलणी खायची. अगं, ते जगाचं घड्याळ! पहिल्या दिवसापासून नोंद त्याच्यावरच. वेळा आधीच जगाच्या, त्यातून तू पुन्हा तास काढलेस. शहाणे, म्हाताऱ्याला एकदा विचारायचंस तरी. पत्र मिळताच दुरुस्त कर. जीव टांगणीला लागलाय.

काका

केज, २० जानेवारी २०२६

चि. कावेरीस महांतेशदादाचे आशीर्वाद.

शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलं नव्हतं. काल सकाळी तू दुरुस्ती केलीस तेव्हा आम्ही तिघं संगणकापुढं होतो. आधी एक नोंद हिरवी झाली, मग ओळी, मग पानंच्या पानं. दोन हजार नऊशे! नकाशावर केजपासून रेघा निघाल्या, जपान, फिनलंड, ब्राझील, आणि जिथं नुसता समुद्र दिसतो तिथल्या बेटांवरही. सत्यशीला तोंडाला पदर लावून उभीच राहिली. अप्पा एकेक नाव वाचत म्हणत होते, ह्यानंही लिहून ठेवलंय. मला वाटायचं, हा माणूस भिंतीशी बोलतो.

मग मी माझा जन्मदिवस शोधला. माझी जुनी कुरकुर तुला ठाऊक आहे. मी झालो त्या संध्याकाळी अप्पा दवाखान्यात थांबले नाहीत, घरी येऊन रेडिओवर बसले. नोंद सापडली, १२ ऑगस्ट १९८४, जपानचा एक माणूस. अप्पांच्या वहीत पुढं काहीच नाही. पण त्या माणसानं आपल्या नोंदीपुढं शेरा लिहिलाय, तो सत्यशीलानं मराठीत वाचला: "आज ह्याला मुलगा झाला. सांगताना दोनदा आवाज बंद पडला, मला वाटलं यंत्र बिघडलं. तो रडत होता."

मी अप्पांकडं बघितलं. ते खाली बघून म्हणाले, "तवा थोरल्यांपुढं आपल्या पोराचं कौतुक करायची रीत न्हवती. कुणाला तरी सांगावं वाटलं."

सोलर आता गोदामावर बसवतोय. अँटेनेची तार सैल झालीय, ती उद्या मी आणि अप्पा मिळून ओढून घेणार आहोत. आहे तो लोभ वाढू दे.

तुझा दादा