दर महिन्याला दुखणारा गुडघा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा रक्तदाब ताब्यात असेल अशी आशा आहे (नसेल तर पत्र बसून वाच). माझी प्रकृती उत्तम, डोकं मात्र ठिकाणावर नाही.

तुला ठाऊकच आहे, कारखान्याच्या भांडारात वीस वर्षं काढल्यामुळे चिठ्ठीवर कारण लिहून घेतल्याशिवाय मी कुणाला साधा खिळा देत नाही. पोरीची आई गेल्यावर घरातलं औषधांचं कपाटही माझ्याच ताब्यात आलं. तुझी भाची दर महिन्याला दुखण्यावरची गोळी मागते आणि चिठ्ठीवर कारण लिहिते, ‘गुडघा’. मी आधी गुडघा दाबून बघायचो, मग ‘अर्धा तास कळ काढ’ म्हणायचो आणि अगदीच पांढरीफटक पडली की गोळी द्यायचो (एकच). काळजीपोटी गुडघ्याला पट्टा आणला, तेल चोळलं, शाळेच्या धावण्याच्या संघातून तिचं नावसुद्धा काढून घेतलं. पोरगी चार दिवस बोलली नाही. एरवी ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढते आणि महिन्यातून नेमके दोन दिवस पोटाशी उशी धरून पडते. दुखतो गुडघा, तर उशी पोटाशी कशाला, हे काही केल्या मला उमजेना.

शेवटी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारखा पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे पाळीचं दुखणं. गोळी बरोबर आहे, पण दुखायला लागल्या लागल्या, काहीतरी खाऊन घ्यायची. कळ कसली काढायला लावता?" मी विचारलं, गुडघ्याची गोळी पोटाला कशी चालते? त्यांनी सूज, गर्भाशय, आकुंचन असं बरंच समजावलं. मी मान डोलावली, कळलं निम्मंच. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कपाटाची किल्ली आता तिच्याकडे आहे. उद्या तिच्या सरांना भेटून नाव पुन्हा घालायला सांगणार आहे (गुडघा कसा बरा झाला असं विचारलं तर काय सांगू?).

तुझा,
धाकटा

ता. क. भावजींना यातलं अवाक्षर सांगू नकोस.

ता. क. दुसरा. ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिच्या आईलाही असंच दुखायचं का? मी छातीठोकपणे ‘छे’ म्हणालो. घरी येताना पोरीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं माहीत?" सतरा वर्षांचा संसार झाला, ताई, आणि मला खरंच माहीत नाही. तुझ्याजवळ ती कधी काही बोलली होती का? असेल तर पोरीला कळव. मलाही.