नॉरिसच्या मृत्यूची चौकशी

प्रिय ॲल्विन,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

शनिवारी तुझ्यावरचा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. आधी फुटबॉलमधला नावाजलेला बचावपटू, मग त्याहून नावाजलेला मॅनेजर. यशाचं गुपित काय, असं मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं. तू म्हणालास, 'मी माझ्या माणसांना कधी वाऱ्यावर सोडलं नाही.' मी हातातला चहा मोरीत ओतला. सत्तर वर्षं तुझी बहीण आहे मी. तुझ्या सगळ्या थापा मला पाठ आहेत, पण ही नवी होती.

नॉरिसला घरी तूच आणलंस. 'एनिड, हा आमचा नवा गडी. डोकं दगडाचं आहे, आत काही नाही,' म्हणत तू त्याला आईच्या स्वयंपाकघरात ढकललंस. लाजत लाजत त्याने आईने भाजलेली मटण-बटाट्याची अर्धी पेस्ट्री संपवली. दोन वर्षांनी मी त्याच्याशी लग्न केलं. अकरा हंगाम तुम्ही दोघं गोलसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिलात. उंच चेंडू आला की तू ओरडायचास, 'नॉरिस, तुझा!' आणि तो उडी घ्यायचा. पावसात भिजून जड झालेला तो चामडी चेंडू! तो त्याच्या कपाळावरून खाली पडला की तू ऐटीत पुढे काढून द्यायचास. पेपरवाले लिहायचे, ॲल्विन स्टॉबर्टचं डोकं किती शांत! असणारच. झिजत दुसऱ्याचं होतं ना.

चौतिसाव्या वर्षी तू त्याच क्लबचा मॅनेजर झालास. नॉरिस तुला 'बॉस' म्हणू लागला, आमच्या रविवारच्या जेवणातसुद्धा. 'अरे, घरात कसला बॉस?' असं तू एकदाही म्हणाला नाहीस.

शेवटची सहा वर्षं तो बूट हातात घेऊन मला विचारायचा, 'बाई, हे कुठे घालतात?' मला. बाई. तेवढ्या काळात तू दोनदा आलास, दोन्ही वेळा दारात गाडी चालूच ठेवून. चर्चमध्ये त्याच्या शवपेटीशेजारी मात्र असा बोललास, की माझी सून हुंदके देत होती. मी तुझे चकचकीत बूट बघत बसले होते.

आता कामाचं. त्याचा मेंदू डॉक्टरांनी तपासला. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या मारानेच तो गेला, असं ते म्हणतात. चौदा तारखेला कोर्टात त्याच्या मृत्यूची चौकशी आहे. क्लबचा वकील म्हणतो, कप स्पर्धेच्या त्या सामन्यात डोक्याला मार बसून नॉरिसला भान नव्हतं आणि तरी त्याला खेळवलं, याचा पुरावा नाही. मैदानात त्याला तपासणारा तेव्हाचा मालिशवाला वारला आहे. पण मला आठवतं, त्याच वर्षी नाताळच्या जेवणात तू ग्लास उंचावून सांगितलं होतंस, 'मध्यंतरात हा मला विचारतो, बॉस, आज आपण कुणाशी खेळतोय? मी म्हटलं, निळ्या शर्टातल्यांशी. जा, डोकं लाव!' सगळे खदाखदा हसले. नॉरिसही. आणि ॲल्विन, मीही हसले. ते मी तिथे शपथेवर सांगणार आहे. तुझं तू येऊन सांग. आला नाहीस, तर तेही मीच सांगेन.

तुझीच बहीण, कारण ते बदलता येत नाही,
एनिड