टोळीच्या तेलावर आलेली जीप

माय, आज सकाळी गाडीचं ऑइल बदललं. खालचा नट उघडला, काळं ऑइल डब्यात उतरू लागलं आणि सवयीने मी दोन बोटं त्यात बुडवून नाकाशी नेली. समोरच्या घरातले गृहस्थ फाटकातून बघत होते. "काय झालं, खराब निघालं का?" त्यांनी विचारलं. आता त्यांना काय सांगणार? "काही नाही, सहज," म्हणालो आणि हात पुसले. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

ती जुनी जीप मी आणली तेव्हा तू तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतंस. मुलचेऱ्याच्या आपल्या घरापर्यंत ती ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणावी लागली. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराच्या आवारात ती दोन-तीन पावसाळे उभी होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, चाकांवर वेल चढला होता. मी गॅरेजात उमेदवारी करून नुकताच स्वतःला मिस्त्री समजायला लागलो होतो, तेव्हा छाती फुगवून म्हणालो, "माय, हिच्यातच तुले मामाकडे नेतो." तू सुपातले तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हो, नेशीन. आधी तिले तर कोणी ओढत नेऊ नाई असं कर."

मामा म्हणजे तुझा मोठा भाऊ. भामरागडच्याही पलीकडे, जंगलातल्या तुझ्या माहेरच्या गावात. त्याची नजर जात चालल्याचा निरोप आला होता. उजेडात चेहरा अंधुक दिसतो, बाकी माणूस तो आवाजावरून ओळखतो, असं निरोप आणणाऱ्याने सांगितलं. बस जिथं सोडते तिथून पुढची वाट तुझ्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती आणि पाऊस लागला की सगळा रस्ताच बंद. नजर आहे तोवर भावाने आपल्याला एकदा पाहावं, एवढंच तुला हवं होतं. तोंडाने तू ते कधी म्हणाली नाहीस. पण त्या निरोपानंतर आपल्या भातात खडे लागायला लागले, आणि तुझ्या हातच्या भातात खडा म्हणजे काय ते मला कळत होतं.

पौषातली थंडी होती. मी जीपखाली शिरून नट उघडला, तर ऑइल येईचना. काडी घातली तर काडीला पिवळट काळं लोण्यासारखं काहीतरी चिकटून आलं. चेंबर, म्हणजे इंजिनच्या पोटाखालचं ऑइलचं भांडं, खाली काढलं, तर आत तसाच थर, आणि ऑइल ओढणारी जाळी पार बुजलेली. मी गोंधळलो. ग्रीस म्हणावं तर ग्रीस असं नसतं. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस आणि दारातच थबकलीस. कप खाली ठेवून वाकलीस, बोटाला थोडं घेतलंस, वास घेतलास, आणि तुझा चेहरा एखाद्या पोरीसारखा झाला.

"हे तं टोळीचं तेल आहे रे!"

मोहाच्या टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. तुमच्याकडे घरोघरी काढतात, थंडीत तुपासारखं थिजणारं. लग्न होऊन तू या घरात आलीस आणि आजीला त्याचा वास खपेना, म्हणून तुझ्या चुलीवरून ते गेलं ते गेलंच. मी तर तोवर ते चाखलंही नव्हतं. आणि ते आता माझ्या इंजिनातून निघत होतं! ते ओतणाऱ्या कुण्या अनोळखी ड्रायव्हरच्या नावाने मी शिव्या सुरू केल्या. अक्कल गहाण टाकली होती का, इंजिन आहे का कढई? तू मला मध्येच थांबवलंस.

"शिव्या काऊन देऊन राह्यला? पाण्यात अडकला असंन बिचारा. ऑइल संपलं असंन. इकडे कुठी दुकान आहे? गावातल्या कोणी घरात होतं ते देल्लं. पोचला ना तो घरी?"

माय, त्यानंतर मी बरीच इंजिनं उघडली. आत कोणाचा काहीही अडाणीपणा दिसला की तोंडात शिवी येते, आणि पाठोपाठ तुझं ते "पोचला ना" येतं, मग शिवी गिळावी लागते. धंद्यात शिव्या न देणारा मिस्त्री म्हणून माझी चेष्टा होते, ती तुझ्यामुळे.

चेंबर तू माझ्या हातातून ओढूनच घेतलंस. मी रॉकेल आणायला निघालो होतो. तू चुलीतली राख आणि कढत पाणी घेतलंस आणि धुण्याच्या दगडावर ते असं घासलंस की मला त्यात माझं तोंड दिसलं. मग तुला वाटलं, हेच राखेचं पाणी वरून इंजिनात ओतावं. मी दोन्ही हात पसरून बॉनेटसमोर उभा राहिलो. "माय, तिथं नाई! तिथं माझं चालू दे!" तू इतकी हसलीस की तुला दगडावर बसावं लागलं.

पुढचं काम सावकाशीचं होतं. नवं ऑइल घालायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, गरम आहे तोवर काढायचं, पुन्हा नवं घालायचं. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा अंगणभर वडे तळल्यासारखा वास सुटला. तू धुरात खाट टाकून बसलीस. मी उठ म्हटलं तर म्हणालीस, "बसू दे. गावाचा वास येऊन राह्यला." काढलेलं थोडं ऑइल तू बशीत घेऊन रात्रभर बाहेर ठेवायचीस. सकाळी कडेला पांढरट साय धरली की आत अजून टोळी आहे. "आणखी एक डाव," असं तू एखाद्या मोठ्या मिस्त्रीसारखी सांगायचीस. एके सकाळी बशी स्वच्छ निघाली. मी नाचलो. तू बशी नाकाशी नेलीस, पदराला पुसलीस आणि हळूच म्हणालीस, "गेला वास." आनंदात मला ते नीट ऐकूही आलं नाही.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा आपण निघालो. जीप कुठंही अडली नाही. मामा झाडाखाली बसला होता. त्याने तुझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहत राहिला, आणि तुमच्या माडिया बोलीत काहीतरी बोलला. तू रडता रडता हसायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "म्हणते, म्हातारी झाली." त्या वेळी मला माझ्या हातांचा फार अभिमान वाटला, माय. तसा नंतर कधीच वाटला नाही. परतताना मामीने टोळीच्या तेलाची एक बाटली दिली. मुलचेऱ्यापर्यंत तू ती मांडीवर धरून बसली होतीस, आणि त्या संध्याकाळी आपल्या चुलीवर पहिल्यांदा त्या तेलाचे वडे झाले.

हे कागदावर उतरवतोय खरा, पण पाठवायचं कुठे? तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. घडी घालून गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवून देतो. तिथं टोळीच्या तेलाची एक बाटली कायम असते. थंडीत थिजते, उन्हाळ्यात पातळ होते. बायको विचारते, हे कशाला? मी सांगतो, दारांच्या बिजागऱ्यांना लावायला. खरं सांगू, माय? या गाडीचं एकही दार कधी कुरकुरलंच नाही.