पश्चिमेस भिंत

मी, खाली सही करणारी, वय चोपन्न, धंदा फ्रेमा करणे आणि काच कापणे, गल्लीत 'काचबाई' म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीवर आणि अर्धवट जेवलेल्या अवस्थेत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला माणूस निदान जवळ तरी यावा लागतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आपल्याकडे देण्यासारखं काही आहे, हे लक्षातच आलं नव्हतं.

कारण लिहायची गरज नसते असं वकील म्हणाले, तरी लिहिते. येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, "साधीच असणार." हे म्हणताना ते कॉम्प्युटरकडे बघत होते, त्यामुळे धीर मला दिला की कॉम्प्युटरला, ते कळलं नाही. बाहेर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण?"

मी म्हटलं, "मीच."

"पेशंटशिवाय, मावशी."

कळवते म्हणून आले. अजून कळवलेलं नाही.

कलम एक. साक्षीदारांविषयी. वकिलांनी बजावलं आहे की साक्षीदार दोन लागतात, आणि साक्षीदाराच्या नावाने मृत्युपत्रात काही ठेवलं असेल तर तेवढं कलम बाद होतं. "म्हणून साक्षीला परकी माणसं बघा," ते म्हणाले. मी म्हटलं, "परकी माणसं पुष्कळ आहेत. बोलावल्यावर येतील अशी तीनच. त्यांतून वारस काढू की साक्षीदार?" वकील हसले. मी विनोद केला नव्हता, पण फी देऊन झाली होती, म्हणून हसू दिलं.

ती तीन माणसं अशी: समोरच्या दुकानातली शिलाईवाली, माझा धाकटा भाऊ, आणि शेजारचे चष्मेवाले. तिघांचीही या कागदात नावं यायची आहेत, तेव्हा घोळ होणार हे मला आधीच ठाऊक आहे.

कलम दोन. दुकान. वडिलांकडून मला मिळालेलं फ्रेमांचं दुकान आणि त्यामागच्या राहत्या दोन खोल्या. चतुःसीमा: उत्तरेस रस्ता, दक्षिणेस सार्वजनिक नळ, पूर्वेस बोळ, पश्चिमेस भिंत व त्यापलीकडे चष्म्याचं दुकान. यातला अर्धा हिस्सा शिलाईवालीला द्यावा. उरलेल्या अर्ध्याचं पाचव्या कलमात बघू.

शिलाईवालीला का, तर ती रोज माझं शटर वर गेलेलं बघते आणि मगच आपलं मशीन सुरू करते. हे तिने कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एकदा तापाने मी उशिरा उठले तर ही कात्री हातात घेऊन दारात उभी. "मेलीस की काय ते बघायला आले," म्हणाली. "मेले असते तर कात्री कशाला?" मी विचारलं. त्यावर तिने जे उत्तर दिलं ते कायद्याच्या कागदात लिहिता येत नाही. गुरुवारचं तिला सांगितलेलं नाही. बुधवारी ती लेकीच्या बाळंतपणाला निघते आहे. कळलं तर तिकीट रद्द करील आणि जन्मभर ऐकवील.

बँकेतली शिल्लक आधी हॉस्पिटलने घ्यावी. त्यांनी काही उरू दिलं तर तेही तिलाच.

कलम तीन. हत्यारं. करवती, गुण्या, खिळ्यांचे डबे आणि पकडी ज्या कोणाला फ्रेमा करायच्या असतील त्याला फुकट द्याव्यात. काच कापायचा हिरा मात्र शिलाईवालीने स्वतःकडे ठेवावा. तिला तो वापरता येणार नाही, पण तिच्या नवऱ्याकडे बघता दुसरा हिरा तिच्या हाती लागायची चिन्हं नाहीत.

हिरा कसा वापरायचा ते लिहून ठेवते. काचेवर एकदाच रेघ मारायची, दुसऱ्यांदा गिरवायची नाही. आणि रेघ मारली की लगेच मोडायची. वडील म्हणायचे, रेघ ताजी आहे तोवर काच तुमचं ऐकते, थंड झाली की स्वतःच्या मर्जीने फुटते. मी या बाबतीत आयुष्यात चुकले नाही. म्हणजे काचेच्या बाबतीत.

कलम चार. भिंतीवरच्या फ्रेमा. दुकानाच्या पश्चिम भिंतीवर ज्या फ्रेमा टांगलेल्या आहेत, त्या माझ्या नाहीत. लोक हौसेने फोटो आणतात, फ्रेमची पट्टी निवडायला तासभर घालवतात, आगाऊ पैसे देतात आणि मग येतच नाहीत. जोडपं भांडलं असेल, बदली झाली असेल, किंवा फोटोतलं माणूस मनातून उतरलं असेल. टाकवत नाहीत, म्हणून टांगल्या. टक्कल पडलेलं बाळ, गणवेशातला मिशीवाला, निवृत्तीचा गुच्छ धरून रडकुंडीला आलेले एक हेडक्लार्क, एकमेकांकडे न बघणारे नवरा-बायको.

एकदा एक गिऱ्हाईक सगळीकडे नजर फिरवून म्हणालं, "मोठं कुटुंब आहे हो तुमचं!"

"हो," मी म्हटलं. "सगळे बाहेर असतात."

माझ्यामागे या फ्रेमा आठवडाभर फुटपाथवर मांडाव्यात. ज्याचा चेहरा त्याने न्यावा. उरतील त्यांच्या काचा काढाव्यात, पण फोटो फाडू नयेत. मिशीवाल्याला जरा जपावं, मी जेवते ते त्याच्यासमोर बसून.

कलम पाच. धाकटा. माझा धाकटा भाऊ संधी ओळखण्यात तरबेज आहे. त्याने सशांमध्ये संधी ओळखली, अळंबीत ओळखली, पाणी गाळायच्या यंत्रात ओळखली. त्या संधींनी मात्र त्याला ओळख दाखवली नाही. आता तो हॉटेलांचे हॉल भाड्याने घेऊन लोकांना संधी कशी ओळखावी हे शिकवतो. त्याची सगळी प्रशस्तिपत्रं मीच फ्रेम केली आहेत. न्यायला आला की दुकानात उभ्या उभ्या म्हणतो, "ताई, तू संधीवर बसली आहेस, पण नुसती बसली आहेस! ही मोक्याची जागा आहे. विकून टाक, मोकळी हो." मी म्हणते, "मोकळी होऊन जाऊ कुठे?" तेवढ्यात त्याचा फोन वाजतो. त्याच्या शिकवणीत 'समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या' असा एक धडा आहे, हे मला त्याच्याच जाहिरातीवरून कळलं.

तरी तो माझा भाऊ आहे. लहानपणी काच हाताला लागली की जखम मी बांधायची आणि रडायचा तो. म्हणून दुकानाचा अर्धा हिस्सा धाकट्याला.

आज सकाळी मी त्याला साक्षीची सही करायला बोलावलं आहे. "फक्त सहीच ना? पाच मिनिटं काढतो," म्हणाला. गुरुवारचं फोनवर सांगितलं नाही. पहिल्याच पानावर लिहिलं आहे. तेव्हा धाकट्या, तू हे वाचत असशील तर सही करू नकोस. सही केलीस तर पहिल्या कलमाप्रमाणे तुझा हिस्सा बाद होईल आणि तो शिलाईवालीला जाईल. खुर्ची ओढ, बस, आणि गुरुवारी मोकळा आहेस का ते सांग. साक्षीदाराचं मग बघू.

कलम सहा. भिंत. दुकानाची पश्चिम भिंत वडिलांनी बांधलेली असून पूर्णपणे माझ्या मालकीची आहे. तिच्या संबंधाने शेजारच्या चष्मेवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. ते त्यांना ठाऊक नसावं, कारण भांडण मी एकटीनेच केलं.

झालं असं. बायको गेल्यावर दोनेक वर्षांनी चष्मेवाले एकदा दिवेलागणीला माझ्या दारात आले आणि रुमालाने स्वतःचा चष्मा पुसत म्हणाले, "दुपारनंतर तुमच्याकडे दिवा लावावा लागतो. मला पश्चिमेची खिडकी आहे. मधली भिंत काढली तर उजेड दोन्हीकडे येईल."

मी म्हटलं, "तुमच्या गिऱ्हाइकांना मुळातच दिसत नाही, त्यांना उजेड कशाला?"

"गिऱ्हाइकांसाठी नाही म्हणत मी."

"मग? माझ्या फ्रेमा कुठे टांगू? तुमच्या नाकावर?"

ते हसले, चष्मा घातला आणि निघून गेले. मी दोन दिवस स्वतःवर खूश होते. आमच्या धंद्यात कोणी भिंत काढू म्हणालं की त्याचा डोळा जागेवर आहे असंच समजायचं असतं. तेव्हापासून ते रोज सकाळी शटर उघडताना "येतो उजेड?" एवढंच विचारतात आणि मी "येतो" म्हणते. येत नाही.

मागच्या आठवड्यात हे सगळं मी शिलाईवालीला सांगितलं, त्यांचा कावा कसा हाणून पाडला ते. तिने मशीन थांबवलं.

"अगं बये, ते दुकानाबद्दल बोलतच नव्हते!"

"मग कशाबद्दल बोलत होते?"

"तुला ना, चष्म्याची गरज आहे. त्यांच्याकडूनच घे."

त्या रात्री मिशीवाल्यासमोर मला जेवण गेलं नाही.

आता इतक्या वर्षांनी शेजारी जाऊन काय बोलायचं, तेही पोटात गाठ घेऊन? म्हणून कायद्याच्या मार्गाने बोलते. माझ्या मृत्यूनंतर सदरहू भिंत चष्मेवाल्यांना द्यावी. त्यांनी ती खुशाल पाडावी. साक्षीसाठी दुसरं माणूस नसल्याने मी त्यांनाही बोलावलं आहे. सही केली तर भिंत त्यांना मिळणार नाही. नाही केली तर माझा कागद अडून राहील. काय करायचं ते त्यांनी ठरवावं. माझी ठरवायची पाळी मागेच येऊन गेली.

हे सगळं मी वाचून पाहिलं, बरोबर आहे.

*सही:* काचबाई

साक्षीदार पहिला: धाकटा. (दुपारी आला. गाडी सुरूच ठेवली होती. "कुठे करू?" मी म्हटलं, "आधी वाच." "ताई, तुझा कागद मी तपासू का? विश्वास आहे आपला!" "पाचवं कलम तरी वाच." "पाचवं काय, सगळीच मान्य!" सही ऐसपैस केली आहे, दोन ओळी व्यापून. दारातून म्हणाला, "बरी आहेस ना?" मी सांगणार तोच त्याचा फोन वाजला. कलम पाच बाद. हे त्याला मी असेपर्यंत कोणी सांगू नये. हिश्श्याचं नव्हे, त्याचं त्याला फार वाटणार नाही. वाटेल ते पहिल्या पानाचं.)

साक्षीदार दुसरे: चष्मेवाले. (हे पाचच्या सुमारास आले. स्टूल ओढून बसले, दिवा लावा म्हणाले, आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागले. मी तेवढ्या वेळात एकच काच चार वेळा पुसली. सहाव्या कलमाशी थांबले, पान उलटलं, पुन्हा मागे आले.

"सही केली तर भिंत जाणार म्हणता."

"कायदाच आहे तसा."

"मग करतो." आणि केली. बारीक, सरळ रेषेत. "तुम्ही गेल्यावर भिंत घेऊन मी काय करू? उजेड कोणाला दाखवू?"

रेघ मारलेली मला दिसत होती, हात तेवढा उचलत नव्हता. ते टोपण लावून उठले, दारापर्यंत गेले. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "येत नाही."

"काय?"

"उजेड. कधीच येत नव्हता."

ते दारातून परत येऊन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "गुरुवारी किती वाजता निघायचं?")

दुरुस्ती. कलम सहा मी रद्द करते. चतुःसीमेतली 'पश्चिमेस भिंत' तूर्त तशीच ठेवली आहे. गवंडी पुढच्या आठवड्यात शनिवारी बघायला येईल. मी असले तर मी बोलेन, नसले तर चष्मेवाले बोलतील. पण त्यांना भाव करता येत नाही, गवंडी लुटून नेईल. तेव्हा मी असलेलं बरं.

*दुरुस्तीखाली सही:* काचबाई
*दोन्ही साक्षीदारांच्या सह्या:* चष्मेवाल्यांची घेतली. धाकट्याचा फोन लागत नाही.

*ठिकाण:* फ्रेमांचं दुकान, काच कापायचं टेबल
*दिनांक:* सोमवार, संध्याकाळ. मिशीवाल्याला खाली उतरवून ठेवलं आहे.