नमुना म्हणून सीलबंद ठेवलेला संगणक वापरण्यास मिळण्याबाबत

दि. ८ फेब्रुवारी १९९६

प्रति,
मा. खरेदी व भांडार अधिकारी,
हवाई छत्री चाचणी केंद्र, पुणे.

विषय : नमुना-कक्षातील संगणकाची मोहोर फोडण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपला शेरा, "नियमानुसार कार्यवाही झालेली आहे."

महोदय,

मी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर असून आपल्या केंद्रात कनिष्ठ वैज्ञानिक सहायक आहे. नवी छत्री (पॅराशूट) हवेत उघडताना तिच्या दोऱ्यांवर किती ताण येतो, हे निरनिराळ्या वाऱ्यांसाठी काढणे हे माझे काम. त्यासाठीच केंद्राने निविदा काढून संगणक घेतला.

१. संगणक आला त्याच दिवशी भांडारपाल श्री. आगाशे यांनी त्याला सुतळी बांधली, लाखेची मोहोर लावली आणि नमुना-कक्षात नमुन्याच्या बूट-घोंगड्यांशेजारी ठेवून दिला. पहिला नग नमुना म्हणून राखायचा व पुढचा माल त्याच्याशी ताडून घ्यायचा, हा नियम मला समजतो. परंतु आपण मागवलाच एक नग होता. हे सांगितल्यावर श्री. आगाशे म्हणाले, "अहो मॅडम, नमुन्याचे बूट कधी कोणी पायात घालतं का?"

२. दुसरा संगणक मागितला, तर एक शिल्लक असल्याने गरज नाही असे कळवण्यात आले. पहिल्याची मोहोर फोडू का असे विचारले, तर मग दुसरा कशाशी ताडायचा, असा उलट प्रश्न आला.

३. तोवर मी कॅल्क्युलेटरवर हिशेब करत आहे. मंद वाऱ्याची उत्तरे निघाली आहेत, जोराच्या वाऱ्याची नाहीत. येत्या सोमवारी हवालदार संभाजी शेळके हीच छत्री बांधून पहिली उडी घेणार आहेत. काल कॅन्टीनमध्ये त्यांनी विचारले, "मॅडम, गणित झालं का? घरची इचारत्यात."

४. आज 'सर्व हिशेब संगणकावर तपासले आहेत' असा दाखला टंकलिखित होऊन माझ्या सहीसाठी आला. संगणक आपल्या केंद्रात आहे, एवढेच खरे आहे.

दोन दिवस संगणक मिळाल्यास हिशेब पूर्ण होतील. म्हणून उद्याच मोहोर फोडण्याचा आदेश द्यावा, अथवा उडी पुढे ढकलण्याची शिफारस करावी. दोन्हींपैकी एका कागदावर आपली सही लागेल. दाखल्यावर माझी मिळणार नाही.

त्या सहीखेरीज सर्व बाबतींत आपली आज्ञाधारक,
(अक्षता नागोराव मेश्राम)

सोबत : १. अपूर्ण हिशेबाची प्रत. २. सही न करता परत केलेला दाखला.
प्रत माहितीसाठी : चाचणी प्रमुख, हवालदार शेळके.